एकट्या पालकाने लहान मुलाला घेऊन तंबूत मुक्काम करावा का? जळगाव परिसरातून सुरुवात कोठून करावी?

तापीकाठ (जळगाव)

मी जळगाव शहरात नोकरी करते आणि माझ्या सात वर्षांच्या मुलाची एकटी पालक आहे. गेले वर्षभर तो उघड्यावर तंबू ठोकून रात्र काढायची म्हणून मागे लागला आहे. शहरातील गच्चीवरून त्याला जेमतेम चार तारे दिसतात, आणि मृग नक्षत्र नीट पाहायचे तर अंधारात जावे लागेल हे त्याला मीच सांगितले होते. या हिवाळ्यात त्याची ही इच्छा पूर्ण करावी असे मनापासून वाटते.

सहल नेणाऱ्या मंडळींसोबत जाण्याचा पर्याय आहे, परंतु तेथे तंबू दुसराच कोणी उभारतो, जेवण दुसराच कोणी वाढतो आणि मुले एकीकडे, पालक दुसरीकडे अशी रात्र सरते. मला ही रात्र आम्हा दोघांची हवी आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की सोबत भाऊ किंवा मेहुणा असल्याशिवाय जाऊ नये. त्यांची काळजी मी समजू शकते, मात्र दर वेळी कोणाची तरी सवड पाहत बसले तर मुलाचे बालपण निघून जाईल.

पाल, तोरणमाळ आणि पाटणादेवी ही तीन ठिकाणे माझ्या मनात आहेत. यांपैकी पहिल्या मुक्कामासाठी कोणते योग्य ठरेल आणि मोठे माणूस एकच असताना कोणती वेगळी तयारी लागते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

सातपुडावाट (रावेर)

ताई, आपण जरूर जावे. मात्र आपण घेतलेल्या तिन्ही नावांपैकी कोणतेही पहिल्या रात्रीसाठी निवडू नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

पाल हे यावल अभयारण्यात येते. हे अभयारण्य १९६९ साली घोषित झाले असून त्याचा विस्तार पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पाटणादेवीचा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि तेथे आग पेटवण्यास मनाई आहे. मनाला येईल तेथे तंबू ठोकून राहणे म्हणूनच शक्य नाही. विभागाने ठरवून दिलेल्या निवासातच राहावे लागते. सुकी नदीच्या काठची मोकळी जागा पाहून अनेकांना मोह होतो आणि ते कोणालाही न विचारता थांबतात. तसे करणे नियमाविरुद्ध आहेच, पण एकट्या पालकासाठी ते आणखी एका कारणाने धोक्याचे आहे. आपण तेथे आहात हे जर कोणालाच ठाऊक नसेल, तर अडचणीच्या वेळी आपल्याकडे कोणी येणारही नाही.

पहिली रात्र ओळखीच्या शेतात काढावी. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाच्या नात्यात कोणाचे ना कोणाचे शेत असते. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात असेल तर सातपुड्याची रांग समोर दिसते आणि अंधारही पुरेसा मिळतो. शेतावर राहणारे कुटुंब हाकेच्या अंतरावर असावे आणि आपला तंबू मात्र त्यांच्या खोलीपासून थोडा दूर असावा, म्हणजे आपल्याला हवी तशी दोघांचीच रात्र मिळेल आणि सोबतही राहील.

शेतात मुक्काम करताना काही गोष्टी शेतमालकाला आधी विचाराव्याच लागतात, कारण शहरात वाढलेल्या माणसाला त्या सुचत नाहीत. पहिली गोष्ट कुंपणाची. रानडुकरांचा उपद्रव फार असल्याने केळी, मका आणि हरभऱ्याच्या शेतांभोवती अनेक ठिकाणी झटका मशीनच्या तारा ओढलेल्या असतात, आणि काही जण तर बेकायदेशीरपणे थेट विजेचा प्रवाह सोडतात, ज्यामुळे माणसेही दगावली आहेत. तारा केवळ मालकाच्या नव्हे, शेजारच्या बांधावरही कोठे आहेत ते दिवसाउजेडी मुलाला बरोबर घेऊन, बोट दाखवून पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट विजेच्या पाळीची. कृषिपंपांना बऱ्याचदा रात्री वीज मिळते. गहू किंवा हरभऱ्याला त्या रात्री पाणी द्यायचे असेल तर तंबूखालून पाणी वाहू लागेल. तिसरी गोष्ट फवारणीची. मागच्या काही दिवसांत औषध मारलेल्या पिकाला लागून तंबू ठोकू नये आणि रिकामे डबे पडलेल्या जागी मुलाला खेळू देऊ नये.

जागा निवडताना काळ्या मातीचे वावर टाळावे. ओली असताना ती पायाला चिकटते, वाळली की भेगाळते. त्या भेगांत विंचू राहतात आणि खुंट्याही नीट धरत नाहीत. खळ्याची चोपलेली जागा किंवा मुरमाड उंचवटा उत्तम. मोठ्या वडा-पिंपळाखाली आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून पाहावे. नदीनाल्याच्या पात्रात, पाणी कितीही दूर वाटले तरी, तंबू ठोकू नये.

वेळेबाबत मी फार आग्रही आहे. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन मोठी माणसे असली तर एक तंबू उभारतो आणि दुसरा मुलावर लक्ष ठेवतो. आपल्याला दोन्ही एकटीने करायचे आहे, तेव्हा तीन वाजताच जागेवर पोहोचावे. एकट्या माणसाला उभारता येईल असा दोन दांड्यांचा, खालचा तळ शिवलेला तंबू घ्यावा आणि घराच्या गच्चीवर तो उभारण्याचा सराव करावा. खुंट्या हातात देण्याचे काम मुलाकडे सोपवावे. त्यामुळे तो डोळ्यांसमोर राहतो आणि तंबू त्यालाही आपला वाटतो.

जेवण घरूनच न्यावे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि थर्मासभर गरम दूध एवढे एका रात्रीला पुरते. शेतावरच्या मंडळींनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली तर भरिताचा आनंद अवश्य घ्यावा, पण जाळ त्यांच्या हाती राहू द्यावा. एका हाताने मूल धरून दुसऱ्या हाताने स्टोव्ह सांभाळण्याची वेळ आपण स्वतःवर आणू नये.

रुग्णसेवा (चोपडा)

मी अनेक वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करीत आहे, म्हणून केवळ विंचू आणि सापाविषयी लिहिते. वरील सल्ल्याशी मी सहमत आहे.

आपल्या भागातील लाल विंचवाचा दंश मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला कितीतरी अधिक घातक ठरतो, कारण तेवढेच विष लहान शरीरात जाते आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. दंशाच्या जागी केवळ तीव्र वेदना असतील तर धोका कमी असतो. परंतु मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या होऊ लागल्या, तोंडातून लाळ गळू लागली आणि हातपाय गार पडले, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. वेदना फारशी नाही म्हणून बरे आहे असे अशा वेळी समजू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळू लागले, पण ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि लवकर मिळाले पाहिजे. हिवाळ्यात विंचू कमी दिसतात, तरी दगड, गोवऱ्यांचा ढीग, लाकडाची साल आणि बाहेर काढून ठेवलेला बूट यांत ते असू शकतात. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी बाजारात मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो. झोपण्यापूर्वी तंबूभोवती ती एकदा फिरवावी. मुलांना हे काम फार आवडते आणि त्यातून भीतीऐवजी सावधपणा शिकवला जातो.

सापांपैकी तंबूच्या दृष्टीने मण्यार महत्त्वाची, कारण ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा बहुधा दुखतही नाही व खूणही नीट दिसत नाही. पहाटे मुलाचे पोट विनाकारण दुखू लागले, पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या किंवा गिळता येईना, तर साप पाहिला नसला तरी तो दंश समजूनच निघावे. शिवलेल्या तळाचा आणि सतत बंद ठेवलेल्या चेनचा तंबू हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. दिवसासुद्धा चेन उघडी ठेवू नये. दंश झालाच तर आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवून निघावे. जाण्याच्या आदल्या दिवशी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष (सापाच्या विषावरचे औषध) उपलब्ध आहे का, हे दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही, आम्हाला त्यात आनंदच होतो.

आणखी एक. थंडी कितीही असली तरी तंबूत शेगडी, निखारे किंवा गॅस पेटवू नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेले माणूस त्यातून जागे होत नाही.

गिरणामाई (चाळीसगाव)

ताई, आपल्या धैर्याचे मला कौतुक आहे, तरी माझे मत वेगळे आहे. २०१७ साली आमच्या चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने अनेकांचे बळी घेतले, त्या काळात संध्याकाळनंतर आम्ही मुलांना अंगणातही सोडत नव्हतो. असे बिबटे अपवादात्मक असतात हे खरे, पण वाकलेले किंवा बसलेले लहान मूल बिबट्याला भक्ष्य वाटू शकते आणि अंधारात शौचाला बसलेले मूल नेमके तसेच असते. आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या एकट्या आईला सोबत घेऊन दोन कुटुंबांनी मिळून जावे. दोघी असल्या की एक जागी राहू शकते. यात आपल्या स्वातंत्र्याला कोठे बाधा येते, हे मला कळत नाही.

तापीकाठ (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिरणामाई, आपली सूचना मी नाकारत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मुक्कामाला मी निश्चित तसे करीन. पहिली रात्र मात्र आम्हा दोघांची असावी असे वाटण्यामागे कारण आहे. घरात रोजची धावपळ, अभ्यास आणि माझी नोकरी यांत त्याला माझे लक्ष तुकड्यातुकड्यांनी मिळते. सोबत दुसरी मोठी व्यक्ती आली की माझे बोलणे तिच्याशी सुरू होणार, हे मला माहीत आहे.

शेताचा सल्ला पूर्णपणे पटला. यावल तालुक्यात माझ्या मावशीचे शेत आहे आणि तेथे सालदाराचे कुटुंब बाराही महिने राहते.

आता माझ्या मनातील खरी भीती विचारते. विंचू मुलाला चावला तर मी धावेन. पण मलाच काही झाले, पाय मुरगळला, चक्कर आली किंवा दंश झाला, तर सात वर्षांचे मूल काय करील? आणि रात्री मला स्वतःला बाहेर जावे लागले, तर झोपलेल्या मुलाला तंबूत एकटे ठेवावे का?

लळिंगकर (धुळे)

माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे आणि ती पाच वर्षांची असल्यापासून आम्ही दोघे असे मुक्काम करीत आलो आहोत, म्हणून आपल्या दोन्ही प्रश्नांना क्रमाने उत्तर देतो.

एकट्या पालकाने ज्या गोष्टीची तयारी सर्वांत आधी करायला हवी, तीच आपण विचारली आहे. जागा, वेळ, सामान यांविषयीचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून पाहावा, की मी आडवा पडलो तर माझे मूल येथून चालत मदतीपर्यंत पोहोचू शकेल का. उत्तर नाही असे आले, तर ती जागा कितीही रम्य असली तरी सोडून द्यावी. शेतावर पोहोचल्यावर तंबूपासून सालदाराच्या खोलीपर्यंतची वाट मुलाला दोनदा चालायला लावावी, एकदा उजेडात आणि एकदा अंधार पडल्यावर हातात बॅटरी देऊन. अंधारात आपण मागून चालावे आणि वाट त्याला दाखवू द्यावी. त्या घरातील माणसांशी त्याची नावानिशी ओळख करून द्यावी, म्हणजे मध्यरात्री दार वाजवताना तो बुजणार नाही. कुत्रे असेल तर त्याचीही ओळख झालीच पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अनोळखी कुत्र्याला घाबरून मूल वाटेतूनच परत फिरते.

फोन कुलूपबंद असतानाही ११२ हा आपत्कालीन क्रमांक कसा लावायचा, हे घरी शिकवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, पण लहान मुलाला एकच क्रमांक पाठ करायला सांगावा. आपले पूर्ण नाव, गावाचे नाव आणि शेतमालकाचे नाव त्याला सलग सांगता आले पाहिजे, कारण ‘मावशीच्या शेतात’ एवढ्यावर कोणी पोहोचू शकत नाही. सातपुड्याच्या कुशीत अनेक जागी रेंज मिळत नाही, तेव्हा तंबूच्या नेमक्या जागेवर उभे राहून ती तपासावी. त्याच्या गळ्यात एक शिट्टी असू द्यावी आणि तीनदा वाजवली म्हणजे संकट, असा नियम घालून द्यावा. शेतावरच्या मंडळींनाही तो सांगून ठेवावा. हरवले तर शोधत न फिरता जवळच्या झाडाला धरून तेथेच थांबायचे, हे अमेरिकेत १९८१ पासून मुलांना शिकवले जाते आणि ते आपल्या केळीच्या बागेतही तितकेच उपयोगी आहे. चार ओळी आत गेले की सर्व दिशा सारख्या दिसतात.

हे सर्व सांगताना ‘मला काही झाले तर’ अशी सुरुवात करू नये. मी मुलीला सांगत असे, की तंबूतल्या प्रत्येक माणसाला एक जबाबदारी असते आणि मदत आणणे ही तिची. मुलांना जबाबदारी आवडते, भीती आवडत नाही.

दुसरा प्रश्न. झोपलेल्या मुलाला तंबूत सोडून दूर जाऊ नये. जाग येऊन आई दिसली नाही, तर ते चेन उघडून शोधायला बाहेर पडेल आणि तारा, विहीर, अंधार हे सर्व बाहेरच आहे. विहीर कोठे आहे आणि तिला कठडा आहे का, हे पाहणे वरच्या उत्तरात राहून गेले आहे. एकतर मुलाला उठवून सोबत न्यावे, किंवा झाकणाचा डबा तंबूच्या पुढच्या पडवीत ठेवून तेथेच सोय करावी. मी दुसरा मार्ग पत्करला आहे आणि गिरणामाईंची बिबट्याविषयीची सार्थ काळजीही त्यामुळे बरीचशी मिटते. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी प्यावे, पण मुलाला तहानलेले ठेवू नये.

आपण विचारले नाही, तरी एक सांगतो. एकटा पुरुष लहान मुलीसोबत तंबूत राहतो म्हटल्यावर लोकांना संशय येतो. एकटी स्त्री आली की चौकशा होतात. मला याचा त्रास झाला आहे, परंतु मुलीच्या रक्षणासाठी कोणी विचारत असेल तर ते मी योग्यच मानतो. आमच्या दोघांची ओळखपत्रे आणि तिच्या जन्मदाखल्याची प्रत मी नेहमी जवळ ठेवतो. गावात शिरताच पोलीस पाटलांना भेटून आम्ही कोठे आणि किती वेळ थांबणार आहोत ते सांगतो, आणि जंगलालगत असेल तर वनरक्षकांनाही कळवतो. आपल्या बाबतीत मुलाचे वडील हयात असून ताब्याविषयी काही आदेश असेल, तर मुक्कामाची माहिती त्यांना लेखी संदेशाने देऊन ठेवणे हिताचे ठरेल. घरच्या एका व्यक्तीला रात्री नऊ आणि सकाळी सात अशा दोन वेळा ठरवून द्याव्यात. सातला फोन आला नाही तर साडेसातला त्यांनी सालदाराला फोन करायचा, एवढे आधी ठरलेले असावे.

सातपुडावाट (रावेर)

लळिंगकर यांनी विहिरीचा मुद्दा मांडला, त्याबद्दल त्यांचे आभार. तो माझ्या लक्षात यायला हवा होता, एवढेच नव्हे, तो कोणाच्याच नजरेतून सुटता कामा नये.

तोरणमाळविषयी ताईंना उत्तर द्यायचे राहिले. ते ठिकाण अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, तर जळगाव दोनशे मीटरांच्या आसपास. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते, म्हणजे जळगावात रात्री दहा अंश असेल तेव्हा तेथे चारच्या जवळपास असू शकते, आणि लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. जमिनीची थंडी खालून येते, तेव्हा अंगावर दोन गोधड्या घेण्यापेक्षा एक खाली आणि एक वर घ्यावी व त्याखाली फोमची चटई अंथरावी. शहाद्याहून वर जाणारा घाट वळणांचा आहे, मागे बसलेल्या मुलाला उलटी झाली तर गाडी चालवणारे माणूस एकटेच असते. यशवंत तलावाचा काठ सुंदर आहे यात शंका नाही, पण ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे आणि तेव्हाही पहिल्यांदा पक्क्या निवासात राहावे.

मृग नक्षत्रासाठी अमावास्येच्या आसपासची रात्र धरावी. डिसेंबरात ते रात्री नऊपर्यंत पूर्वेला चांगले वर आलेले असते, त्यामुळे मुलाला फार जागवावे लागणार नाही.

तापीकाठ (जळगाव)

मावशीशी आज बोलले. त्या आठवड्यात तेथे दिवसा वीज असून गव्हाला पाणी दुपारीच देणार आहेत. विहिरीला कठडा आहे, मात्र शेजारच्या मक्याच्या बांधावर झटका मशीन आहे. ती तार कोठून कोठवर गेली आहे हे सालदारदादा आम्हाला दिवसा दाखवणार आहेत. यावलच्या रुग्णालयात उद्या फोन करीन. डिसेंबरमधील अमावास्येच्या आधीचा शनिवार ठरवला आहे आणि ११२ लावण्याचा सराव आम्ही कॉल न जोडता आज संध्याकाळपासून सुरू करीत आहोत.